तळहातातला ठोका

फौजी दवाखान्यात नर्सिंगची नोकरी करून हंबीरराव पेन्शनवर गावी आला, त्या साली आष्ट्याच्या शिवारात नुकती वीज आली होती. आकारामच्या गुऱ्हाळावर रस प्यायला माणसं जमली की हा आपला जीव तोडून सांगे : बंद पडलेलं काळीज विजेच्या झटक्याने पुन्हा चालू करता येतं, आणि यंत्र हाताशी नसलं तर तोवर छाती दाबत राहून माणूस धरून ठेवता येतो.

"करंटनं माणूस मरतंय गड्या, आन ह्यो म्हणतोय जितं हुतंय," आकाराम म्हणे. सगळे पोट धरून हसत. हंबीररावाच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण आकाराम लहानपणापासूनचा सोबती, त्यामुळे तो रसाचा पेला उचलून तोंडाला लावे.

त्याच आकारामने एका सकाळी काहिलीतला रस ढवळता ढवळता छातीला हात लावला आणि तो चिपाडावर आडवा झाला. हंबीररावाने त्याची मान चाचपली. नाडी लागेना. त्याला कडक भुईवर ओढून तो दोन्ही तळहातांनी, अंगाचा भार टाकून छाती दाबू लागला.

"जीप काढा. सांगलीला न्यायचंय. तोवर मी दाबत ऱ्हातो."

कुणी हललं नाही. आकारामचा धाकटा भाऊ सयाजी तेवढा पळाला, आणि घेऊन काय आला, तर गंगाजळाची लोटी. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी पडायला हवं ना! हंबीरराव आकारामच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरतोय आणि हा शहाणा बाजूने पाणी ओततोय.

"पाणी नको रं, घशात अडकंल."

तेवढ्यात हाताखाली बरगडी कट्‌कन वाजली. दाबताना असं होतंच, पण ते सांगायचं कुणाला? आकारामची बायको शालूबाई पुढे आली.

"आवं भावजी, मेल्याव तरी हाडं मोडू नगा त्यांची."

चौघांनी हंबीररावाला दंडाला धरून मागे खेचलं. नेमक्या त्याच क्षणी त्याच्या तळहाताला खालून ठोका लागला.

"लागला. सोडा मला, ठोका लागला," तो ओरडत राहिला. माणसांनी त्याला वेडात काढलं. आष्ट्याचा डॉक्टर आला तोवर छाती थंड होती. दिवस मावळायच्या आत चिता पेटली.

ठोका मात्र हंबीररावाच्या तळहातातून गेला नाही. चिता पेटली तेव्हा हाताखालचा ठोका धावत सुटला होता. नंतर मंदावला, पण थांबला नाही. भरल्या तांब्यावर हात ठेवला की पाणी थरथरायचं. हंबीरराव भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याने स्वतःची नाडी धरून पाहिली. ती वेगळी चालत होती. सांगलीच्या डॉक्टरने शिरांचा थकवा म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. रागारागाने त्याने त्या वाटेतच फेकल्या. आकाराम जगला असता, एवढंच त्याला दिवसरात्र खात होतं.

उन्हाळ्यात शालूबाई खळ्यावर कोसळली.

मागच्या वेळचं हंबीररावाचं ओरडणं सगळ्यांच्या कानात होतं; या वेळी कुणाची आडवं येण्याची हिंमत झाली नाही. सयाजीनेच पाण्याची लोटी घेऊन आलेल्या म्हातारीला परत पाठवलं. जीप आली, तरी हंबीरराव दाबतच होता. घाम डोळ्यांत उतरला. मनगटं भरून आली. मग शालूबाईने घशातून मोठा श्वास ओढला.

हंबीररावाला रडू कोसळलं. एक तरी जीव हातचा गेला नव्हता.

त्यांनी तिला जीपमध्ये घातलं. सयाजीने गाडी सांगलीच्या रस्त्याला लावली. तेव्हा कुठे हंबीररावाच्या ध्यानात आलं, आपले तळहात गप्प आहेत.

त्याने शालूबाईची नाडी धरली. तो मंद ठोका त्याच्या चांगला ओळखीचा होता.

तिने डोळे उघडले.

"भावजी, मी गेल्याव मला पुरा. जाळू नगा."

"असं का बोलताय वैनी? तुमी जगलाय."

तिने त्याच्या तळहातावर बोट ठेवलं.

"चितेवर त्यास्नी समदं कळत हुतं," ती म्हणाली.