खडूची रेघ

“तू पितेस म्हणे?”

तिच्या नवऱ्याने, शिवणकाम करणाऱ्या मास्टरांनी, हे विचारलं तेव्हा भर दुपार होती, आणि दारूचा भपकारा येत होता तो त्यांच्याच तोंडाला. शर्टाला काजं करता करता ती थबकली. समोरच्या इस्त्रीवाल्याने त्यांच्या कानावर घातलं होतं की, शाळेमागच्या खोलीत दारू सोडायला माणसं जमतात, तिथे तुमच्या बाई दर आठवड्याला जातात. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. “एक होता तो काय कमी होता,” एवढंच त्या म्हणाल्या. खरं सांगायचं झालं असतं तर, तुमच्यासाठीच जाते हो, असं म्हणावं लागलं असतं. मग मास्टरांचा पारा चढला असता आणि ती एकच वाट कायमची बंद झाली असती... तिने मान खाली घातली आणि पुढचं काज करायला घेतलं. गप्प राहणं म्हणजे कबुली, हे का तिला कळत नव्हतं!

एके काळी या माणसाचा खडू कापडावर एकदा फिरला की पुन्हा टेकवावा लागत नसे. कापड बेतताना ते गुणगुणायचे, मध्येच “अगं, ऐकलंस का” म्हणून तिला हाक मारायचे, आणि ती धावत आली की काय सांगायचं होतं तेच विसरायचे. त्या हाकेसाठी तिचं अंतःकरण किती आसुसलेलं होतं... आता हात थरथरत, बाही खांद्याला बसत नसे. दुपारी ते घोरायला लागले की ती त्यांच्या वाकड्या शिवणी उसवून सरळ घालायची, खडूच्या नागमोडी रेघा पुसून नव्या मारायची. मास्टरांच्या हातात अजून जादू आहे, असं गिऱ्हाइकं म्हणत. मास्टरांनाही तसंच वाटे.

त्या खोलीचा पत्ता दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दिला होता. मास्टर ऐकताच उखडले, मी काय बेवडा आहे का म्हणाले. मग तीच गेली. सभा चालवणाऱ्या म्हाताऱ्या बस कंडक्टरने तिच्यापुढे खुर्ची सरकवली आणि सांगितलं की, इथे नाव-गाव कुणी विचारत नाही, मनातलं बोला. तिला वाटलं, पिणाऱ्यांखेरीज इथे कुणाला बसू देत नसतील. आणि तिला तर इथलं सगळं ऐकून घरी न्यायचं होतं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “मी पिते.” तेव्हापासून मास्टरांचं सगळं ती आपल्या अंगावर घेऊन सांगत आली. हातांची थरथर, कापडाच्या ताग्यांमागे लपवलेली बाटली, लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमात कोसळणं... सगळं.

तो प्रश्न विचारला त्याच आठवड्यात मास्टर तिच्या मागोमाग निघाले, हे तिला कळलंच नाही. तिची पाळी आली आणि नेहमीसारखं जमिनीकडे बघत ती बोलू लागली.

“माझी मुलगी मामाकडे राहते. जाताना म्हणाली, शुद्धीवर असशील तेव्हा बोलव, लगेच येईन. मी अजून बोलावलेलं नाही. रोज वाटतं, उद्या बोलवीन...”

दाराशी खुर्ची कुणाच्या तरी धक्क्याने आपटली. मास्टर चौकट धरून उभे होते. कंडक्टरने बसा म्हटलं, पण ते बसले नाहीत.

“ही थेंबाला शिवलेली नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. “बाटली माझी. पोर जे बोलली ते मला बोलली. हिने सांगितलं ते सगळं माझं आहे... ते मला सांगू द्या.”

इतके दिवस कोंडलेले अश्रू तिच्या गालांवरून घळाघळा वाहू लागले. कंडक्टर हलकेच म्हणाला, “बाई, पहिल्याच दिवशी काठोकाठ भरलेला चहाचा कप तुम्ही न सांडता नेलात, तेव्हाच मी ओळखलं होतं. पण तुमचं मन मोकळं होत होतं, म्हणून गप्प राहिलो. घरच्या माणसांची सभा पलीकडच्या खोलीत असते. याच वेळेला.”

रडता रडता तिला हसू फुटलं. त्यानंतर मास्टर या खोलीत बसू लागले आणि ती पलीकडे. तिथे पहिल्यांदा बोलताना तिने सवयीने त्यांच्या हातांपासूनच सुरुवात केली, तेव्हा शेजारची बाई म्हणाली, त्यांचं नको, तुमचं सांगा.

“मी त्यांच्या रेघा पुसते,” ती म्हणाली.

मास्टर काही एका रात्रीत सुधारले नाहीत. मध्ये एकदा घसरले, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच चपला घालून सभेला गेले. मग एका सकाळी त्यांनी टेबलावर कापड पसरलं आणि रेघ मारली. रेघ वाकडी गेली. तिचा हात आपोआप पुढे झाला, आणि तिने तो मोठ्या कष्टाने मागे घेतला.

मास्टर त्या रेघेकडे बघत राहिले. “अशीच येते का गं?”

“हो.”

“केव्हापासून?”

मास्टरांनी तळहाताने रेघ पुसली, हात थोडा स्थिर होऊ दिला आणि पुन्हा खडू टेकवला. रेघ थोडी कमी वाकडी आली.

“अगं, ऐकलंस का...”

ती शेजारीच उभी होती, तरी “आले” म्हणाली.

“पोरीला फोन लाव. म्हणावं...” ते थांबले, खडूचे हात धोतराला नव्हे, तिच्या पदरालाच पुसले, पूर्वीसारखे. “नको, राहू दे. मीच लावतो.”