एकतीस चुका

ज्या नटाच्या आवाजात पुस्तक ध्वनिमुद्रित व्हायचं होतं, त्याचा घसा नेमका त्या सकाळी बसला. आणि त्याच वेळी प्रकाशकाकडचा प्रूफं तपासणारा माणूस दुरुस्त पानं द्यायला स्टुडिओत आला. स्टुडिओचे मालक, म्हणजे मामा, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "वाचता येतं ना? मग बसा आत."

काचेपलीकडच्या कपाटाएवढ्या खोलीत तो बसला. अलीकडे, यंत्रांपुढे, मामांची भाची. मायक्रोफोनचे कान इतके तिखट की पाचव्या मिनिटाला तिने थांबवलं.

"परत घ्या. पोट बोललं."

"कुणाचं?"

"माझं काचेच्या अलीकडे आहे."

तो हसला... कुणी पाहू नये असं, खाली मान घालून. तिने पाहिलं.

पुस्तक म्हणजे एका जुन्या रशियन कादंबरीचा अनुवाद. सांगणारा एकलकोंडा कारकून. आपल्याला माणसांचा तिटकारा आहे, असं पानोपानी बजावणारा. शेजारी मेजवानी असते. हा चांगला कोट घालून दारापर्यंत जातो, कडीला हात लावतो आणि परत फिरतो. वर म्हणतो, मला जायचंच नव्हतं. तो प्रसंग त्याने मोठ्या तोऱ्यात वाचला.

"नाही जमलं," ती म्हणाली.

"का? मानी माणूस आहे तो."

"भित्रा आहे. जायचं नव्हतं तर कोट कशाला घातला? माणसं नकोत म्हणतो आणि 'ऐका, ऐका' म्हणत आपल्यालाच धरून ठेवतो. त्रेचाळीस वेळा. मी मोजलंय. लोक नको म्हणतील, त्याआधी हाच त्यांना नको म्हणून मोकळा होतो."

हेडफोनमध्ये त्याचा श्वास, मग पान मागे उलटल्याचा आवाज.

"तुम्ही माणसांना असंच... उघडून बघता?"

"पुस्तकातल्या. बाहेरच्यांची मला भीती वाटते." बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

त्याने पुन्हा वाचलं—हळू, जणू कडी त्याच्याच हाताला गार लागत होती. तिने काही दुरुस्त केलं नाही.

पहिल्या दिवशी त्याने डबा जिन्यावर एकट्याने खाल्ला. चौथ्या दिवसापासून तिच्या बाकावर. मामा जाता-येता म्हणत, "मास्तरीणबाई, हेडफोन काढून जेवलं तरी पचतं हो."

अकराव्या दिवशी शेवटची नऊ पानं उरली. प्रत्येक चूक वेळेसकट कागदावर टिपायची तिची रीत. पहिल्या दिवशी चाळीस पानांत चार चुका होत्या. आज आठ पानांत एकतीस. आणि स्वल्पविराम गळला तर ज्याला घास जात नाही, असा हा माणूस!

घसा बिघडला असता तर आवाज फाटला असता. दमला म्हणावं तर सकाळचे दहा वाजलेले. तिसरं एकच कारण उरत होतं, आणि ते सुचताच तिचे कान तापले. आज कुणीच काही बोललं नाही तर तो आपल्या प्रुफांकडे परत जाणार, आणि ध्वनिमुद्रणातून त्याचे श्वास पुसून टाकायचं काम तिलाच करावं लागणार.

तिने आत बोलायचं बटण दाबलं. "एकतीस चुका झाल्या."

"हवेमुळे असेल."

"आतला एसी मीच लावते."

तो काचेकडे न बघता म्हणाला, "मुद्दाम केल्या."

"सगळ्या?"

"तीस. एक खरी होती."

"कुठली?"

"तुम्ही... केस बांधत होतात तेव्हाची."

बटणावरचं तिचं बोट तसंच राहिलं. काचेतून उत्तर देणं सोपं होतं; आजवर तिने तेच केलं होतं. ती उठली, जड दार ओढून आत गेली. आत दोघांना उभं राहायला जागा नव्हती.

"शेवटचं पान वाचा," ती म्हणाली.

"मग संपेल."

"संपू दे की. काम संपल्याशिवाय तुम्ही मला बाहेर कुठे भेटणार?"

तो बघतच राहिला. मग त्याने पान उचललं. ती भिंतीला टेकून, श्वाससुद्धा दबकत घेत उभी राहिली. एकही चूक न करता त्याने ते वाचून संपवलं.

दोघं बाहेर आली तेव्हा मामा यंत्रांपुढे बसून उगाचच वायरी गुंडाळत होते.

"मामा, मी जरा बाहेर जातेय. आईला सांगाल?"

"काय सांगू?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता, पण या वेळी त्याने मान खाली घातली नव्हती.

"खरं तेच सांगा," ती म्हणाली.