लोकेरीने मोडलेली डहाळी

रोज अकरा वाजता पाहुणे दोरीपलीकडे जमले, की नोलारी दुधाची बाटली घेऊन लोकेरीपाशी उभी राहायची. लोकेरी म्हणजे हत्तीचं पाच महिन्यांचं पिल्लू. लोकेरी नावाच्या कोरड्या नदीत सापडलं म्हणून तेच नाव. केनियाच्या उत्तरेकडच्या त्या हत्तींच्या अनाथालयात सगळ्याच पिल्लांची नावं अशी पडत.

आज पहिल्या रांगेत लेन्गुया साहेब उभा होता आणि नोलारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लोकेरीच्या आईला यानेच गोळी घातली. का, तर तिने त्याच्या कुरणावरची पाण्याची टाकी फोडली! अख्ख्या सांबुरू मुलुखाला हे ठाऊक होतं. आणि आता हाच निर्लज्ज माणूस लोकेरीला आपल्या हॉटेलात न्यायला आला होता, पर्यटकांना दाखवायला. दुपारी कागदांवर सह्या व्हायच्या होत्या.

"हस की जरा," व्यवस्थापक लेतिमालो कुजबुजला. "मयताला आल्यासारखी काय उभी राहिलीस?"

"मयत करणाराच पुढ्यात उभा आहे."

"चूप! हत्तीण सिंहांनी मारली म्हणून चौकशीत कोणी सांगितलं? तूच ना?"

नोलारीने बाटली आणखी वर धरली. हो, तिनेच सांगितलं होतं. लेन्गुयाच्या गाडीचे माग स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही. तिचा नवरा लेन्गुयाच्याच कुरणावर राखणदार होता. त्या दिवशी तिच्या हातून एवढंच झालं, की हत्तिणीच्या कपाळावर तिने हिरवी डहाळी ठेवली. मेलेल्या माणसावर ठेवतात तशी मेलेल्या हत्तीवरही ठेवायची, हा सांबुरूंचा रिवाज. लेन्गुयाच्या हातून तेवढंही झालं नव्हतं.

लोकेरीने बाटली अर्ध्यावर सोडली. असं ते कधी करत नसे. झुडपापाशी जाऊन त्याने एक डहाळी मोडली, दोरीखालून सोंड बाहेर काढली आणि ती लेन्गुयाच्या बुटांवर ठेवली.

पाहुणे हरखले. पटापट मोबाइल वर झाले.

"बघितलंत? आतापासूनच ओळखतंय मला!" लेन्गुया म्हणाला.

मग दुसरं पिल्लू आलं. मग तिसरं. एरवी बाटलीसाठी एकमेकांना ढुशा देणारी एकवीस पिल्लं एका ओळीत येत होती, डहाळी ठेवत होती, बाजूला होत होती. कुणी चीत्कारलं नाही. लेन्गुयाच्या पोटऱ्या हिरव्या ढिगात बुडाल्या.

पाहुण्यांचं हसू थांबलं.

लेन्गुयाही सांबुरूच होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, हाकल ना यांना," तो म्हणाला.

नोलारी जागची हलली नाही. "डहाळी कधी ठेवतात, विसरलात का साहेब?"

लेतिमालोने त्याला दंडाला धरून गाडीपर्यंत नेलं. सह्या राहिल्या.

भोग आता, नोलारी मनात म्हणाली. तिला आनंद झाला होता आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

बारा वाजता पाहुणे पांगले. ती लोकेरीच्या गोठ्यात आली. पिल्लाला एकटं वाटू नये म्हणून तिचीही पथारी तिथेच, वरच्या फळीवर होती. सकाळी घडी करून ठेवलेली तिची घोंगडी जागेवर होती.

घोंगडीवर एक हिरवी डहाळी होती. नुकतीच मोडलेली. तिच्या देठाला दुधाचा ओलावा होता.