मौनाला मुदत

त्या दुपारी ती निघाली ती साध्याच कामाला. एका लेखकाच्या घरी जायचं, एका आकड्याबद्दल विचारायचं, हो की नाही ते ऐकायचं आणि परत यायचं.

ती डॉक्टरांसाठी निघणाऱ्या एका संशोधन-पत्रिकेत संपादक होती. शंकांना उत्तर न देणारे, फोन न उचलणारे, लेख धाडून गडप होणारे लेखक हटकून तिच्या वाट्याला यायचे. पिच्छा पुरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका सर्जनला तर तिनं न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला फेस असताना गाठून सही घेतली होती. ऑफिसात तिच्या माघारी तिला घोरपड म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

या वेळी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. लेख तान्ह्या मुलांच्या तापावरच्या औषधाचा होता आणि लेखक फार मोठे, नावाजलेले डॉक्टर. लेख छापून झाला, आणि दूरच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तक्त्यातलं औषधाचं प्रमाण दसपट दिसतंय, दशांशचिन्ह सरकलंय का, असं त्यांनी विचारलं. आपण स्वतः ते कुणाला दिलं नाही म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "पण त्यांचं नाव बघून कुणी डोळे मिटून दिलं तर?"

तिची झोप उडाली. मुख्य संपादक मात्र ढिम्म. ते त्या डॉक्टरांचेच जुने विद्यार्थी. सरांचं म्हणणं आल्याशिवाय त्यांच्या लेखाला हात लावायचा नाही, हे त्यांचं पालुपद. तिनं मेलवर मेल धाडले. कॉलेजात विचारलं, तर सर रजेवर. घरचा फोन लागायचा, उचललाही जायचा, पण पलीकडून कुणी बोलत नसे. श्वाससुद्धा नाही. कुणीतरी ऐकतंय एवढंच कळायचं, आणि फोन ठेवल्यावर तिचा तो कान बराच वेळ बधिर राहायचा.

म्हणून ती घरीच गेली. गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या छापखान्याच्या मागे त्यांचं घर होतं. बाहेर टळटळीत ऊन. दार डॉक्टरांच्या पत्नीनं उघडलं. तिनं आपल्या येण्याचं कारण त्यांना सांगितलं. त्या अगदी हळू, ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या, "ते गेले हो. उन्हाळा लागायच्या आधीच."

ती ओशाळली, काहीतरी सांत्वनाचं पुटपुटली आणि वळली. बाईंनी तिचा दंड धरला. हात बर्फासारखा होता.

"कॉलेजात मी रजा म्हणूनच सांगितलंय. गेले असं कुठल्या तोंडानं सांगू? रोज दुपारी... येऊन बसतात आत. आम्ही विचारून थकलो. एक शब्द बोलत नाहीत." त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "तुम्ही विचारून बघा..."

दुसरं कुणी असतं तर पायात चप्पल न घालता पळत सुटलं असतं. पण आकडा तसाच छापलेला होता आणि कुठेतरी कुणीतरी तो वाचत असणार होतं. तिनं दार लोटलं.

खोलीत पडदे ओढलेले होते. दार उघडताच वास आला, औषधाच्या पातळ, गोड सिरपचा, उघडं राहून आंबल्यासारखा. भिंतीकडे तोंड करून एक खुर्ची होती आणि खुर्चीत कुणीतरी बसलेलं होतं. रुंद पाठ, मान किंचित पुढे झुकलेली, जणू मांडीवर काही आहे आणि ते बघतायत. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. रस्त्यावरून एक गाडी गेली असावी, काच थरथरली. तीही मुक्यानंच.

"सर," ती म्हणाली, "तक्त्यातला आकडा बरोबर आहे का? नुसती मान हलवलीत तरी चालेल."

मान हलली नाही. ती पुन्हा विचारायला गेली, आणि तिच्या लक्षात आलं की ओठ हलतायत पण आवाज फुटत नाहीये. तिनं घसा खाकरला. काही नाही. टेबलावर हात आपटला. हाताला लागलं, आवाज नाही. खुर्चीतलं ते मौन जमिनीवर पाणी पसरावं तसं तिच्यापर्यंत आलं होतं आणि आता छातीत चढत होतं. या घरात बाई कुजबुजत का बोलतात, ते तिला तेव्हा कळलं. आणखी थोडा वेळ इथे उभी राहिले तर मीही अशीच होईन, कायमची.

आणि तिला भीतीपेक्षा संताप आला. जिवंतपणी उत्तर न देणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. मेल्यावरही हा माणूस तोंड शिवून बसणार, आणि वर दुसऱ्याचंही शिवणार?

तिनं पोटातून जोर लावला. घशात काही फाटल्यासारखं झालं, आणि फाटका का होईना, तिचा आवाज खोलीत उमटला.

"तुम्ही नका बोलू. मी छापणार."

पंख्याचा खडखड आवाज एकदम सुरू झाला. खुर्चीतली पाठ तशीच होती. पण मान, आतापर्यंत झुकलेली मान, हळूहळू वर आली. ती मान वळेपर्यंत थांबायला मात्र ती मूर्ख नव्हती.

ऑफिसात पोचल्यावर तिनं मुख्य संपादकांना सांगितलं की सर गेलेत, उत्तर येणार नाही, आणि तो आकडा कुणीही वापरू नये अशी सूचना आजच्या आज निघते आहे. साहेबांनी सरांच्या नावाचं काय, घराण्याच्या अब्रूचं काय, असं बरंच ऐकवलं. घोगऱ्या आवाजात ती एवढंच म्हणाली, "खाली माझी सही आहे. काढायचं तर मला काढा." संध्याकाळच्या आत सूचना जगभर गेली होती. डॉक्टरीणबाईंना तिनं स्वतः फोन करून कळवलं.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. वडील स्वयंपाकघरात चाचपडत कपबश्या काढत होते. मोतीबिंदूनं त्यांना दिसेनासं झालं होतं, कान मात्र तिखट.

"बरं झालं आलीस. पाहुणे केव्हाचे बसलेत बाहेरच्या खोलीत. दोनदा विचारलं कोण म्हणून, बोलतच नाहीत."

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग ती म्हणाली, "ते नाही बोलायचे, बाबा."

"न बोलू देत. पण त्यांच्याजवळचं बाळ फार किरकिरतंय गं. अंगात ताप असेल. घे जरा त्याला."

ती बाहेरच्या खोलीच्या दारात गेली. खोलीत कुणी नव्हतं. गोड, आंबूस वास तेवढा भरून राहिला होता. सर मांडीवर काय बघत होते, ते तिला आता कळलं: त्या आकड्याप्रमाणे औषध दिलेलं कुणाचं तरी बाळ. ती आत गेली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"छापलंय ते छापलंय," ती त्या रिकाम्या खोलीला म्हणाली. "मागे घेणार नाही. काय सांगायचं असेल ते सांगा, नाहीतर... द्या ते बाळ इकडे."

तिनं दोन्ही हात पुढे केले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या हातांवर हळूच वजन आलं, इवलंसं, आणि तापानं फणफणलेलं.