खडगिरीची बारा वर्षे

धुक्याच्या लाटांतून खडगिरीचा बालेकिल्ला वर येऊ लागला आणि नगारखान्यात पहाटेची नौबत झडली, तोच कारभारी नारो विश्वनाथ यांचा मेणा महादरवाज्याच्या आतल्या-बाहेरच्या दारांमधील देवडीत टेकल्याची वर्दी किल्लेदार सिदोजी रणनवरे यांना मिळाली. आगाऊ सांगावा न धाडता कारभारी गड चढून आले, हीच गोष्ट सिदोजींना खटकली.

ते देवडीत उतरले. मुजरा झाला. कारभारी पंत गोड हसले.

"किल्लेदार, आपले बंधू बहिर्जीराव या गडावर कैदेत खितपत आहेत. महाराजांनी त्यांची सुटका फर्मावली आहे."

सिदोजींच्या काळजात कळ उठली. पाटाच्या पाण्यावरून भांडण होऊन बहिर्जीने एका माळ्याला तलवारीने तोडले होते. शस्त्राने जीव घेणाऱ्यास, मग तो सरदार असो की शिलेदार, पुरी बारा वर्षे गडबंदी; त्याआत कोणालाही माफी नाही, असा खुद्द महाराजांचा कायदा. महाराज तो तोंडी निरोपाने मोडतील?

"शिक्क्याची आज्ञा, पंत?"

"मागाहून येईल. आम्ही आपल्या उपयोगी पडतो, आपणही पडावे. आज आमची काही माणसे येतील, त्यांना दरवाजा उघडा मिळावा, इतकेच."

सिदोजींची नजर मेण्याच्या भोयांवर गेली. एकाच्याही खांद्याला घट्टा नव्हता. हात मात्र शेल्याखाली घुटमळत होते. बाहेर पळावे तर दरवाजा यांच्या ताब्यात जाणार. त्यांनी तलवार उपसली आणि पहारेकऱ्यांना गर्जून सांगितले, "दोन्ही दरवाजे लावा! आम्ही आत पडलो तरी उघडू नका!"

अडसर सरकले. बंद देवडीत, भिंतीला पाठ लावून, किल्लेदार एकटे लढले. वरच्या झरोक्यांतून बंदुकी रोखल्या गेल्या, तेव्हा पंतांनी शरणागती पत्करली. सिदोजींचा डावा हात कायमचा निकामी झाला.

पुढे भर दरबारात महाराज म्हणाले, "सिदोजी, हवे ते मागा."

सारा दरबार बहिर्जीचे नाव ऐकायला टपला होता. मारल्या गेलेल्या माळ्याची विधवाही खांबाआड उभी होती.

"मागावेसे फार वाटते, महाराज," सिदोजी म्हणाले, "म्हणूनच मागत नाही."

हे कळल्यावर बहिर्जीने भावाशी बोलणे टाकले. मुदत भरली त्या सकाळी सिदोजींनी उजव्या हाताने कोठडीचे कुलूप काढले. पांढऱ्या दाढीचा बहिर्जी उंबऱ्याच्या आतच थबकला.

"आज कोणाची आज्ञा?" त्याने संशयाने विचारले.

"कोणाचीच नाही. बारा वर्षे झाली. चल घरी."