शेवटच्या हुकावरची सायकल

"वहिनी घरात आहे की नाही, हेच कळत नाही रे मला," नणंद खाली म्हणाली. "फिक्सीसारखी आहे. आवाजच नाही."

मी जिन्यात होते, हातात चहाचा ट्रे. नवरा काय उत्तर देतो ते ऐकायला एक पाय खालच्या पायरीवर आणि एक वरच्या पायरीवर ठेवून थांबले. तो काहीच बोलला नाही. वाकड्या चाकाची आउट काढून ते सरळ करत बसला होता, आणि स्पोकला पाना लावला की त्याला जग दिसत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरीपण. 'आहे की' एवढं म्हणायला पाना खाली ठेवावा लागत नाही.

फिक्सी म्हणजे काय, ते मलाही या घरात येऊनच कळलं. साध्या सायकलीला मागे फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी ती टिकटिक करत पळत राहते. फिक्सीला ते नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडल फिरतंय तोवर पाय. नुसती ढकलत नेली तरी पेडलं फिरत राहतात, कुणी बसलं असल्यासारखी. ब्रेकही बहुतेक जण लावत नाहीत. थांबायचं तर एक पाय पुढे रोवून चाक अडवायचं आणि घासत न्यायचं, त्याला म्हणतात स्किड. आमच्या घराचा सगळा खालचा मजला म्हणजे या सायकली बनवायचं वर्कशॉप. नवरा चाकं बांधतो, नणंद रंग देते. मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, पूर्वी फ्रेम जोडायचे. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून नुसत्या सूचना जोडतात. सासूबाई नऊला झोपतात. आणि मी घरात असते, पण कळत नाही.

न कळण्याचे फायदेही असतात.

वर्कशॉपच्या शेवटच्या हुकावर एक काळी फिक्सी टांगलेली होती. ती कुणी चालवत नसे, आणि का ते कुणी सांगत नसे. एका पहाटे झोप लागेना म्हणून मी ती उतरवली, हवा भरली आणि मागच्या दाराने बाहेर नेली. माहेरी दादाची सायकल त्याच्यापेक्षा मीच जास्त हाणली होती, त्यामुळे जमेल असं वाटलं. पहिल्या दिवशी पडले. दुसऱ्या दिवशीही पडले. गुडघ्याला काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही, त्यामुळे खोटं बोलायचीही वेळ आली नाही.

मग रोजचंच झालं. तलावाच्या भिंतीवरून सरळ जायचं, पलीकडचा उतार उतरायचा. तळाशी पाणीखात्याचा लाल-पांढरा लोखंडी दांडा रस्त्यात आडवा आहे, तिथे उजवा पाय रोवून स्किड मारायची आणि वळायचं. दूधवाला यायच्या आत सायकल परत हुकावर. दिवसभरात तेवढा वेळ मी कुणाची सून नसायचे, कुणाची वहिनी नसायचे, आणि गंमत म्हणजे तेव्हाच मला मी असल्याचं कळायचं. एकदा उतारावर दोन्ही पाय पेडलच्या पट्ट्यांतून सुटले. पेडलं गरागरा फिरायला लागली, दांडा समोरून छातीवर येत होता. हातभर अलीकडे सायकल थांबली. कशी, ते कळलं नाही. नशीब म्हटलं, आणि घरी येऊन चहा टाकला.

असा दीड महिना गेला, आणि आज संध्याकाळी नवऱ्याने ती सायकल हुकावरून उतरवली. तिला गिऱ्हाईक मिळालं होतं. कॉफीच्या दुकानाच्या मालकाला ती पिवळं हँडल, सोनेरी चेन, फ्रीव्हील आणि ब्रेक अशी सगळी नटवून हवी होती. सकाळी तिला खोलायचं ठरलं होतं. ते कळल्यावर आईला मी फोनवर 'चार दिवस राहायला येते' म्हणून सांगितलं होतं. जिन्यात उभं राहून मनात आलं, चारच का?

मी खाली गेले. काळी सायकल मधोमध बल्बखाली उभी होती. भोवती तिघं होते: नवरा, नणंद आणि नवऱ्याचा मित्र, ज्याला सगळे पंक्चर म्हणतात, कारण त्याला बरोबर घेऊन कुठलीच राइड धड पार पडत नाही. मामा लाकडी खोक्यावर बसले होते.

"सूनबाई, तूही बस," मामा म्हणाले. मग नवऱ्याकडे वळून, "आणि तू उद्या हिला पाना लावायच्या आधी एक ऐकून घे. मग तुझी सायकल आणि तुझं गिऱ्हाईक."

"भुताची आहे का?" पंक्चर म्हणाला. "मला घरी एकट्याला जायचंय, मामा."

"खरी आहे. भुताची आहे की नाही, ते तुझं तू ठरव."

मामांनी चहाचा एक घोट घेतला आणि कप खोक्याच्या कडेवर ठेवला.

"माझ्या ओळखीचा एक कंपाउंडर होता. ही सायकल त्याची. त्याचा दोस्त एका मोठ्या इमारतीत लिफ्टमन. दिवसभर बिचारा वर-खाली, म्हणून रात्री त्याला आडवं जायचं असायचं. दोघं जेवून निघायचे. कंपाउंडर पुढे, हा मागे. आता फिक्सीला टिकटिक नाही. मागचा आहे की गळला, पुढच्याला कळायचं कसं? अंधारात मान वळवली की हँडलही वळतं. म्हणून त्यांची एक पद्धत होती. पुढच्याने मधूनच विचारायचं, 'आहेस?' मागच्याने म्हणायचं, 'आहे.' झालं. तासतासभर तेवढंच बोलणं. कित्येक वर्षं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मामांकडे पाहत होता.

"लिफ्टमनला सगळे डावरा म्हणायचे. स्किड मारताना डावा पाय पुढे रोवायचा ना. कंपाउंडर उजवा. आणि दोघांचा गिअर एकच. पुढच्या चक्राला अठ्ठेचाळीस दाते, मागच्याला सोळा."

"असा गिअर कुणी ठेवतं का?" नवरा म्हणाला. "पेडल एकदा फिरलं की चाक बरोबर तीनदा. म्हणजे दर स्किडला टायरचा तोच तुकडा जमिनीवर येणार. महिन्याभरात भोक."

"शहाणा माणूस ठेवत नाही. यांनी हट्टाने ठेवला. उजवा पाय पुढे असला की टायर एका ठरलेल्या जागी झिजणार. त्याच सायकलवर डावा पाय पुढे रोवलास, तर पेडल अर्धं फिरतं आणि चाक दीडदा, म्हणजे चाकाच्या बरोबर समोरच्या बाजूला. टायर बघून सांगता येतं कोण बसलं होतं. माणसाची सही असते ना, तसं."

माझा कप तोंडाशी होता, तो तिथेच राहिला. दीड महिना मी त्या टायरवर रोज सही करत होते, आणि ती वाचता येणारी चार माणसं माझ्यासमोर बसून चहा पीत होती.

"मग डावरा गेला," मामा म्हणाले. "रस्त्यावर नाही हं. अपघात नाही, काही नाही. छातीत पाणी झालं, दवाखान्यातच गेला. साधं मरण. कंपाउंडरने सायकल व्हरांड्यात लावून टाकली. एकट्याने जाऊन करायचं काय? सात-आठ महिने तिला हात लावला नाही.

"नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार होता. वारा नाही. चंद्र उगवायचा होता. औषधाच्या दुकानाचं शटर ओढताना फोन आला. तलावापलीकडे एक मास्तरीणबाई राहायच्या, त्यांचा दम्याचा पंप संपला होता. याने नवा पंप खिशात टाकला, घरी आला आणि व्हरांड्यातली सायकल काढली. रात्री सव्वाअकराला निघाला.

"भिंतीवर दिवे नाहीत. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला नुसता काळोख. रस्ता सरळ. पाय आपले चाललेत. मनात काही नाही, पंप वेळेवर पोचला पाहिजे एवढंच. आणि… सवय रे. दुसरं काय. तोंडातून निघून गेलं. 'आहेस?'"

मामा थांबले. वरच्या मजल्यावर सासूबाईंनी कूस बदलल्याचा आवाज आला.

"मागून आलं… 'आहे.'"

पंक्चरने मागे वळून दाराकडे पाहिलं.

"भास झाला असेल," नणंद म्हणाली. आवाज मात्र तिचा नेहमीचा नव्हता.

"त्यालाही तसंच वाटलं. त्याने पाय थांबवायला बघितलं. पण तायडे, फिक्सी आहे ती. तू घाबर, रड, काही कर. पेडल तुझा पाय उचलणार. खाली नेणार. परत उचलणार. मागे बघायचं नाही, हँडल वळेल. तो ऐकत राहिला. रस्त्यावर टायर वाजतो ना बारीक? त्याचा वाजत होता. आणि… जरा मागे… आणखी एक.

"उतार लागला.

"उजवा पाय पट्ट्यातून सुटला. मग डावा. पेडलं गरागरा. ब्रेक नाही. खाली दांडा. त्याला तो दिसत नव्हता. माहीत होता.

"आणि चाक अडलं.

"याचे दोन्ही पाय हवेत. पेडलांवर… याचं काही नाही. तरी अडलं. घासत गेलं. घासत… घासत… थांबलं."

"दांड्यापासून किती?" पंक्चरने विचारलं.

"हातभर."

माझा कप बशीवर वाजला. नणंदेने माझ्याकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच तिला मी असल्याचं कळलं असावं.

"पंप पोचवला का?" पंक्चर म्हणाला.

"पोचवला. दांड्यापासून पुढे चालत गेला, सायकल हातात धरून. सकाळी उजेडात टायर बघितला. आपली जागा त्याला पाठ होती, ती होतीच. आणि बरोबर समोर… ताजी. आतले दोरे दिसतील इतकी झिजलेली.

"माझ्याकडे घेऊन आला. मी टायर काढून टाकला, नवा चढवला. म्हणाला, 'ठेवून घ्या. फक्त गिअर बदलू नका.' का, ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मुलीकडे राहायला गेला. तेव्हापासून सायकल त्या हुकावर आहे. कुणी बसलेलं नाही."

मामांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मग नवरा म्हणाला, "म्हणजे हा टायर नवा आहे."

"कोरा."

"बघू या की मग," नणंद म्हणाली आणि उगाचच हसली. "कोरा असला तर मामांची गोष्ट खोटी."

"कोरा असला तर खरी," पंक्चर म्हणाला. "खोटी कशी?" आणि बोलता बोलताच तो सायकलीपाशी उकिडवा बसला. मागचं चाक उचलून त्याने सावकाश फिरवलं, आणि पेडलंही सावकाश फिरली. टायरवर बोट टेकवून तो चाचपत होता. बोट थांबलं.

"मामा," तो म्हणाला. "इथे झिजलाय."

मामा उठले. चाक जमिनीवर टेकवून त्यांनी उजवं पेडल पुढे आणलं, वाकले, डोळे बारीक केले. झिजलेली जागा बरोबर फरशीवर टेकली होती.

"उजवा," मामा म्हणाले. कपाळावरून हात फिरवत ते तसेच उभे राहिले. "पण उजवा तर… तो तर जिवंत आहे. परवा फोन आला होता त्याचा."

माझ्या तोंडाशी आलंच होतं. कान पकडायचे, 'मामा, मीच ती' म्हणायचं, थोडी बोलणी खायची, थोडं हसू होईल, आणि सायकल सकाळी जायची ती जाईल. तोंड उघडलं होतं मी.

"थांबा," पंक्चर म्हणाला.

त्याचं बोट पुढे सरकत गेलं होतं. चाकाच्या बरोबर दुसऱ्या बाजूला.

मामांनी हळूहळू डावं पेडल पुढे घेतलं. चाक फिरलं. थांबलं. फरशीवर दुसरी जागा येऊन टेकली. एकाच लांब स्किडची. आतले दोरे दिसत होते.

पंक्चरने बोट पँटला पुसलं. नणंद नवऱ्याच्या जवळ सरकली. त्या सगळ्यांना दोन खुणांची भीती वाटत होती. मला एकीचीच. आणि खरं सांगायचं तर, भीती म्हणावी अशीही ती नव्हती. त्या उतारावर, दांड्यापाशी, दोन्ही पाय हवेत असताना मी एकटी होते असं मी धरून चालले होते. इथे, या घरात, एवढ्या माणसांत जशी असते तशी.

"सकाळची वाटच बघायला नको," नवरा म्हणाला. "आत्ताच खोलतो हिला. चाक फेकून देतो, फ्रेम देऊन टाकतो." त्याने पाना उचलला. मागच्या चाकाच्या नटाला त्याने पाना लावला.

मी कप खाली ठेवला. मुद्दाम, आवाज होईल असा.

"पाना ठेव खाली," मी म्हणाले.

चौघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"उजवी खूण माझी आहे. दीड महिना झाला, रोज पहाटे मी नेते हिला तलावापलीकडे. ही विकायची नाही." नवऱ्याचा हात नटावरच थांबला होता, म्हणून मी पुढचंही सांगून टाकलं. "आम्ही दोघं चालवतो ती."