टपावरची सावली

कॅराव्हॅनच्या टपावर लावायचे सोलर पॅनल निवडायलाच आम्हाला तीन आठवडे लागले. वाकणारे पातळ पॅनल वजनाला हलके, पण तापले की त्यांची वीज उतरते. काचेचे जड, पण टिकतात. शेवटी काचेचे दोन घ्यायचे ठरले, दोनशे-दोनशे वॅटचे. मी सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. छत्तीस वर्षं लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, आकडे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कॅराव्हॅन संदेशची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाची. जीपमागे ओढायची, एका खोलीएवढी. तो वलवणला राहतो आणि ती पर्यटकांना भाड्याने देतो. या वेळी ती त्याच्या आईसाठी, हिराअक्कासाठी हवी होती. चुलीच्या धुराने अक्काची फुप्फुसं गेली होती. नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. मिनिटाला बावीस श्वास, हेही माझ्या वहीत होतं. तिला आंदर मावळातल्या आमच्या गावी चार दिवस राहायचं होतं. आमचं घर केव्हाच पडलं, तिथे आता विहारापुढचं अंगण आहे. तेवढ्या अंगणात बसायचं, बाकी काही नको. पण गावात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, आणि मशीन बंद पडलं तर अक्का अर्धा तास काढेल, जास्त नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तुमचं वायरिंग व्हईस्तवर मी काय ऱ्हात न्हाई," अक्का म्हणायची. "मग त्याच गाडीतनं न्या मला, फुलं लावून."

पॅनल बसवायला सुदुंबऱ्याचा सुहास आला. त्याची एक पद्धत होती. आधी गाडीच्या टपावर पडणारी प्रत्येक सावली खडूने आखायची: दहाला, बाराला, दोनला. पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्याची वीज ढेपाळते, म्हणून.

वलवण धरणाजवळच्या मोकळ्या माळावर गाडी उभी होती. फेब्रुवारीचं ऊन. जवळ झाड नाही, खांब नाही. बारा वाजता सुहासने वरून हाक मारली.

"मावशी, वर तार-बिर काय हाय का हो?"

"आभाळ आहे."

"मग ही कशाची?"

संदेशने शिडी धरली आणि मी चार पायऱ्या चढले. पांढऱ्या टपाच्या उजव्या कोपऱ्यात पाटीएवढी सावली होती. सुहासने वर हात हलवला. हाताची सावली तिच्यावर वेगळी पडली, जास्त काळी. त्याने त्या डागाभोवती खडू फिरवला. वीस मिनिटांनी डाग गेला, रेघ राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीचं तोंड उलट दिशेला केलं. बाराला सावली आली ती त्याच रेघेत.

"गाडीसंगं ही बी फिरली," सुहास म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्याने.

मग गाडी सुदुंबऱ्याला नेली, त्याच्या घरामागच्या रिकाम्या वावरात, आणि तिथे दोन्ही पॅनल बसवले. दुपारी मीटरवर डावा एकशे ऐंशी, उजवा सहा. पॅनलची अदलाबदल केली, तरी उजव्या कोपऱ्यात सहाच. तोच पॅनल खाली जमिनीवर ठेवला तर एकशे ब्याऐंशी. मी वर जाऊन काचेला हात लावला. डाव्या काचेवर हात ठेववेना. उजवी माठासारखी गार होती.

आता सावली मोठी झाली होती. परवा नुसता गोल होता, त्याला आज खांदे आले होते.

"त्या कोपऱ्याच्या खाली काय येतं?" मी संदेशला विचारलं.

"आईची उशी."

सुहासने दोन्ही पॅनल मशीनच्या बॅटरीला वेगवेगळे जोडले, म्हणजे एक मेला तरी दुसरा चालावा. "एकावर भागंल," तो मान वर न करता म्हणाला. निघालो तेव्हा स्वतःहून सोबत आला.

अक्काला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. गावी पोचल्यावर, उशीवर डोकं टेकून ती म्हणाली, "हितं लय गार वाटतंय गं."

मला आई आठवली. एकोणीसशे एकोणसाठ साल, मी आठ वर्षांची. गावाला रस्ता नव्हता. आईला दम लागला होता, वस्तीतल्या चौघांनी तिला झोळीत घालून बांबू खांद्यावर घेतला. तोंडावर ऊन नको म्हणून बारा वर्षांची अक्का तिच्यावर आपली सावली धरून चालत होती. बाराला सावली पायाशी येते, म्हणून झोळीवर ओणवी होऊन चालली, डोकं आणि खांदे पुढे करून. आई सडकेपर्यंत पोचली नाही.

हे मी कुणाला बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी गावातली वीज गेली. एका पॅनलवर दिवस निघाला, रात्री बॅटरी तळाला आली. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का अंगणात तासभर बसली. खूश होती. संदेशला म्हणाली, "हितंच पाळणा व्हता माझा. लय रडकी व्हते म्हणं मी."

बाराला डावा मीटर पडू लागला. साठ. चोवीस. चार.

सुहास वर चढला आणि तसाच खाली आला. "दोन्ही झाकल्यात. हात पण दिसत्यात, मावशी. पसरल्यात."

आम्ही गाडी ढकलली. अंगणभर ऊन होतं. आकडे हलले नाहीत.

मशीनने शिट्टी दिली आणि बंद पडलं.

जीपच्या सॉकेटवर लावलं तर फ्यूज उडाला. अडीअडचणीला घेतलेला छोटा सिलिंडर जोडून आम्ही निघालो; संदेश जीपवर, मी आणि सुहास मागे अक्कापाशी. तो पंचवीस मिनिटं पुरला.

चढावर अक्काने माझा हात धरला. कपाळावर घाम नव्हता. "ऊन न्हाई लागत," ती म्हणाली. आणि मग काही म्हणाली नाही.

सुहासने फोन केला, तशी संदेशने गाडी कडेला घेतली. उतरून मागे आला. मग त्याने आईच्या नाकातली नळी काढली, मशीनला जोडून खुंटीला अडकवली आणि चादर तिच्या तोंडावर ओढली.

सुहास मीटरकडे बघत होता. डावा एकशे ऐंशी. उजवा एकशे ऐंशी.

मशीन चालू झालं.

हे मशीन सतत हवा सोडत नाही. नळीतून कुणी श्वास ओढला, तरच फुस्स करतं.

नळी खुंटीवर होती. आम्ही तिघंही श्वास रोखून होतो.

फुस्स. जरा थांबून, फुस्स.

मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बावीस.